तीन नंबरची ओल

सोमवार, २ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची! एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी, काखेत छत्री आणि दातांत बसचं तिकीट अशा थाटात उतरले, तर मामा समोरच उभे. म्हणाले, पोरी, नोकरीला आलीस की बिऱ्हाड थाटायला? पुढे अजून काही चेष्टा करणार होते, पण खोकल्याची उबळ आली आणि बोलणं तिथेच राहिलं. बरेच वाळलेत मामा. खोकला मात्र ओला आहे, छातीत कुणी भरलेलं मडकं हिंदकळवावं तसा. औषध घेता की नाही, विचारलं. आता तू आलीस ना, आता बरं वाटेल, म्हणाले.

घर कोल्ड स्टोरेजच्या मागच्याच गल्लीत. खाली मामा-मामी, वरची खोली माझी. खिडकीतून प्लांटचं पत्र्याचं छप्पर आणि वाफ सोडणारा कूलिंग टॉवर दिसतो. मामीने माझ्यासाठी नवीकोरी गादी घेऊन ठेवलीय. चादरीखाली प्लास्टिक अंथरलंय, तान्ह्या बाळाला घालतात तसं. कूस बदलली की कुरकुरतं. मी अजून अंथरूण ओलं करते असं आईने कळवलं की काय, असं मी विचारलं. मामी हसली नाही. गादी नवी आहे गं, खराब नको व्हायला, म्हणाली आणि माझ्या केसांवरून हात फिरवत बसली. इतके लाड माझे आईनेसुद्धा केले नाहीत.

इतकी वर्षं वाइंडिंगच्या दुकानात लोकांच्या जळक्या मोटारी गुंडाळत बसले. आता मामा काम करतात त्या सबंध प्लांटच्या मोटारी माझ्या हाताखाली. निघताना आईने एकच बजावलं, मामाच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. नाही जाणार, बाई.

बुधवार, ४ फेब्रुवारी

प्लांट पाहिला. फळांचा मोसम संपल्यामुळे निम्म्या खोल्या रिकाम्या आहेत, म्हणून याच महिन्यात देखभालीचं काम काढतात. मशीन रूममध्ये चार कॉम्प्रेसर ओळीने बसलेत आणि प्रत्येकाला आपापली मोटार. एक, दोन आणि चार नंबर चकचकीत. तीन नंबरच्या पायथ्याशी मात्र सिमेंट काळं पडलंय, शेवाळाचा वास येतो. तिथे जमिनीत एक खड्डा आहे, पाइपांच्या झडपांचा, वर लोखंडी झाकण.

तेल-ग्रीस बघणारा माणूस अंगाने इतका गोल आहे की सगळे त्याला पिंप म्हणतात, आणि तोही पिंपच म्हणा म्हणतो, खरं नाव सांगितलं तर कुणी ओळखणार नाही. दिवसभर त्याची टकळी चालू. मी कुणाची कोण हे कळल्यावर मात्र हातातला बोळा खाली ठेवला. मामांची सख्खी भाची का, असं त्याने दोनदा विचारलं. सख्खी म्हणजे किती सख्खी, मी म्हटलं, आईच्या पाठीवरचा भाऊ. तो ग्रीसची गन उचलून चार नंबरकडे गेला.

शनिवार, ७ फेब्रुवारी

आज खऱ्या कामाला हात घातला. एक आणि दोन नंबरच्या मोटारी तपासल्या. क्रम माझ्या अंगात भिनलेला आहे: वीज तोडायची, स्विचला कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. टर्मिनल बॉक्स उघडून केबल सोडवायची. आधी तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स एकमेकांशी जुळतो का ते बघायचं, मग मेगर. मामांचा मेगर जुना, हाताने हँडल फिरवायचा. त्याची एक वायर वाइंडिंगला, दुसरी मोटारीच्या बॉडीला, आणि तारेवरचं आवरण किती शाबूत आहे ते काटा सांगतो. ओल शिरली असेल तर काटा शून्याकडे लोळतो. मोटार खोटं बोलू शकते, आवाज खोटा असू शकतो, मेगर खोटं बोलत नाही. आमचे दुकानवाले शेठ म्हणायचे, नवरीची पत्रिका नको, मेगर बघा.

दोन्ही मोटारी ठणठणीत निघाल्या. मामा स्टुलावर बसून नुसतं बघत होते, रुमालात खोकत होते. तुझा हात तुझ्या आजोबांवर गेलाय, म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार बरं वाटलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज तीन नंबर. मामांनी पिंपला आधीच बाहेर पाठवलं होतं.

वाइंडिंग जुळत होत्या, पण मेगर लावला आणि काटा सरळ शून्यावर. इतकी ओल, की बॉक्समधून थेंब ओघळेल असं वाटलं. मी म्हटलं, मोटार उघडून दिव्यांच्या उष्णतेवर दोन-तीन दिवस वाळवावी लागेल. मामा म्हणाले, गरज नाही, बॉडीवर रंगाचे थर बसलेत, क्लिप नीट धरत नाही, तू ती हाताने दाबून धर, मी हँडल फिरवतो.

क्लिप उघड्या हाताने धरायची नाही हे शिकाऊ पोरालाही कळतं. मी तसं म्हटलंही. मामा म्हणाले, माझ्यावर विश्वास नाही का?

धरली. वाइंडिंगला लावायच्या दुसऱ्या वायरीचं उघडं टोक मामांनी स्वतःच्या मुठीत घेतलं होतं. ते मला दिसलं तेव्हा हँडल फिरायला लागलं होतं. झटका बसला नाही. झटका बसला असता तर समजलं असतं. बोटांतून गार पाणी वर चढावं तसं काहीतरी चढलं, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, आणि छातीत जाऊन बसलं. काटा शून्यावरून उठला आणि नव्या मोटारीसारखा टोकाला गेला. मी दुकानात हजारो मोटारी पाहिल्या. अशी हँडल फिरवून मोटार वाळत नाही, कधीच नाही.

मामांनी हँडल सोडलं, लांब श्वास घेतला, आणि सोडला. खोकले नाहीत.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सकाळी उठले तर गाऊन पिळून काढावा इतका ओला. ताप नाही. घामाला वास असतो, याला गंजाचा वास होता, आणि किंचित तेलाचा. प्लास्टिकवर पाण्याचं तळं साचलेलं. मामी टॉवेल घेऊन दारातच उभी होती, मी हाक मारायच्या आधीच.

मामा जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत वर आले आणि गरम चहा देऊन गेले. त्यांचा चेहरा भरलाय. शिट्टी वाजवत कामाला गेले.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

कपडे वाळत नाहीत. दोरीवर वाळतात, अंगावर घातले की ओले. वहीची पानं कडेने फुगलीत. सारखा खोकला येतो, ओला, मडक्यातला. हा खोकला मी ऐकलेला आहे.

मामी दिवसातून चारदा येते. उन्हात बस, हे घाल, ते पी. जीव टाकते माझ्यावर, पण माझ्या डोळ्यांकडे बघत नाही. आज चादर बदलताना मी तिला विचारलं, मी यायच्या आधीच प्लास्टिक का घातलंत?  ती चादर टाकून खाली निघून गेली आणि नळ सोडून भांडी घासत बसली. भांडी स्वच्छ होती.

कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणतात तसं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

मामांना न सांगता दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. फोटो काढला. फुप्फुसांत पाणी. सुई घालून बाटलीभर काढलं. न्युमोनियाचं असं नसतं, त्या स्वतःशीच म्हणाल्या. बाटली उजेडात धरून बघत राहिल्या. स्वच्छ पाणी होतं, तळाला गंजाचे कण. कुठे बुडाला होतात का, असं विचारलं. मी नाही म्हटलं.

घरी येईपर्यंत छाती पुन्हा भरली होती.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पिंपला गाठलं. टाळाटाळ करत होता. मी त्याच्यासमोर रुमालात खोकले आणि रुमाल पिळून दाखवला. तेव्हा बोलला.

माझे थोरले मामा, आईचा मोठा भाऊ, नदीत पोहायला गेले आणि बुडाले, असं मी जन्मापासून ऐकत आलेय. आई अजूनही त्यांचं नाव निघालं की डोळे पुसते. पिंप म्हणाला, कसली नदी? इथे, या खोलीत. थोरले मामा तीन नंबरखालच्या खड्ड्यात उतरून झडप दुरुस्त करत होते आणि वरची पाण्याची टाकी फुटली. शेजारच्या खोलीत सगळा विजेचा बोर्ड. पाणी तिकडे जाऊ नये म्हणून कुणीतरी मशीन रूमचं लोखंडी दार बाहेरून लावून घेतलं. आतून दार वाजत होतं. बराच वेळ वाजत होतं, सगळ्यांनी ऐकलं.

दार कुणी लावलं, मी विचारलं.

पिंप म्हणाला, कडीवर हात कुणाचा होता ते मला विचारू नकोस, ज्याच्या छातीत पाणी होतं त्याला विचार. आणि मग म्हणाला, होतं म्हणजे, गेल्या आठवड्यापर्यंत.

बुधवार, १८ फेब्रुवारी

विचारलं. मामा जेवत होते. घास खाली ठेवला नाही.

सगळं सांगितलं, मोटारीतला बिघाड समजावून सांगतात तसं. त्या दिवसापासून त्यांचा कडी लावणारा हात कोरडा झाला नाही. मग छाती. मोटार तीनदा बदलली, तरी नवीही तिसऱ्या दिवशी ओली. वर्षानुवर्षं ते भरत गेले, अगदी गळ्यापर्यंत आलं. एकदा मेगरच्या तारेला हात लागलेला असताना पाणी सरकतंय असं जाणवलं, पण सोबतच्या माणसात शिरेना, परत येई. ते फक्त रक्ताच्या माणसात जातं. थोरल्याला त्याच्याच घरचं माणूस हवं असतं, म्हणाले.

मी म्हटलं, मग मी का?

मामीने माझ्या ताटात अजून वाढलं. वाढताना रडत होती. मला तिच्या रडण्याचा इतका राग कधीच आला नव्हता.

मामांना मूल नाही. मामांना कोण आहे? आई. माझा धाकटा भाऊ. मी.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आईला फोन केला. कसा आवाज आला असेल माझा, पाण्याखालून बोलल्यासारखा. कुठल्याही आईने आधी विचारलं असतं, काय झालं गं.

आईने विचारलं, मामाचा खोकला गेला का?

 म्हटलं, गेला.

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. सुटल्यासारखा. मग ती बोलत सुटली. भाऊ एकच उरला होता. तुझे वडील गेल्यावर त्यानेच आम्हाला जगवलं, तुझी फीसुद्धा त्याचीच. धाकट्याचं अजून सगळं व्हायचंय, त्याला कसं पाठवणार होते मी. तू समंजस आहेस. लहानपणापासून तू कधी कशाला नाही म्हणाली नाहीस.

तू का नाही धरलीस वायर, आई? सख्खी बहीण तू. माझ्या आधी तुझं रक्त.

फोन चालू होता. तिचा श्वास ऐकू येत होता. कोरडा, स्वच्छ श्वास.

शनिवार, २१ फेब्रुवारी

मेगर घेऊन एकटीच तीन नंबरकडे गेले. क्लिप मोटारीला, उघडं टोक माझ्या मुठीत, दुसऱ्या हाताने हँडल. काही नाही. पाणी कुठे जाईल, समोर घरचं कुणी नको का? मोटार आता हाडासारखी कोरडी आहे. काटा टोकाला. ठणठणीत. मेगर खोटं बोलत नाही.

मामा दारात येऊन उभे राहिले. आत पाऊल टाकत नाहीत ते आता. मी त्यांना म्हटलं, अर्धं घ्या. दोघं मिळून उचलू. अर्धं अर्धं.

मामा म्हणाले, तुला कळत नाही गं, ते आतून कसं असतं.

मला! मला कळत नाही!

सोमवार, २३ फेब्रुवारी

आडवं होता येत नाही. आडवं झालं की पाणी गळ्याशी येतं. चार उशा पाठीला लावून बसून राहते. प्लांटवर रजा. बसस्टँडपर्यंत जाऊन पाहिलं, कोपऱ्यावरच्या दुकानापाशी बसले ते उठता येईना. पिंपने उचलून आणलं. त्याला बिचाऱ्याला काही करता येत नाही. परका आहे.

परका आहे म्हणून त्याला दया येते.

मंगळवार

आई येतेय. मामांनी बोलावलं. मी पुन्हा फोन केला, हात जोडले, म्हटलं नुसतं दोन मिनिटं धर. ती म्हणाली येते. म्हणाली धरते. आईने धरते म्हटलंय. शेवटी आई आहे. उगाच काय काय मनात आणलं मी.

बुधवार

आली. मला पोटाशी धरलं. तिच्या छातीला कान लावला — आत काही हिंदकळत नाही, नुसतं हृदय. केस पुसून दिले, वेणी घातली. मेगर खाटेखालीच ठेवलाय मी, पिशवीत. मोटारीपर्यंत चालता नाही आलं तरी पिंप उचलून नेईल. म्हटलं, आता जाऊ? म्हणाली, उद्या सकाळी. प्रवासाने अंग आंबलंय.

उद्या सकाळी.

गुरुवार

सकाळ झाली. म्हणाली, जेवून जाऊ. जेवण झालं.

दुपार. खाली बोलताहेत. लाकडी जमीन आहे, सगळं ऐकू येतं. मामा म्हणाले — ती जिवंत आहे तोवर पाणी परत माझ्यात येऊ शकतं. कधी मी झोपेत असताना हात धरेल, तार लावेल. मला झोप नाही. — आई म्हणाली — एकदा पूर्ण भरलं की?

मामा म्हणाले, भरलं की संपतं. थोरल्याचं समाधान होतं.

आई म्हणाली —

नीट ऐकू नाही आलं. मी नीट ऐकलं नाही असंच लिहायचंय मला.

जिन्यावर पावलं. दोघांची.

आलेत. आई खाटेवर बसली. म्हणते, किती दिवस बसून आहेस, पाठ मोडली असेल, जरा आडवी हो. मी सांगितलं, आडवी झाले की मी — ती म्हणाली, माहीत आहे बाळा.

माहीत आहे

एक उशी काढली. हळूच, मला लागू नये म्हणून. मामा पायांशी, घोटे धरलेत — चेपतात तसे — दार लावून घेतलं मामीने, बाहेरून — दुसरी उशी — मी लिहितेय तोवर काढणार नाही, मला वाटलं, लिहिताना मध्ये बोलत नसे ती कधी — म्हणते वही ठेव आता, शहाणी ना माझी, कधी नाही म्हणाली नाहीस —

नाही म्हणतेय आई. लिहून देते. नाही. ना

तिचा हात किती कोरडा — किती उबदार — तिसरी — आई बसू दे — आई मला बसू